मिड-सेंच्युरी फर्निचर: जुनी अस्सल वस्तू घ्यावी, की नवी प्रतिकृती?

कोनाडा

वाचत बसण्यासाठी मिड-सेंच्युरी, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातल्या घाटाची एक आरामखुर्ची आणि जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या, एवढीच माझी गरज आहे. पण गेले तीन महिने या पाच आसनांपुढे बाकीचे सगळे विषय मागे पडले आहेत. आरामखुर्ची म्हणून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याची १९५६ सालची, वाकवलेल्या प्लायवूडची आणि चामडी गाद्यांची खुर्ची मनात भरली आहे. जेवणासाठी डॅनिश रचनाकार हान्स वेग्नर यांची ‘विशबोन’ खुर्ची आवडली आहे, जिच्या पाठीची फळी इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगलेली असते. दोन्हींच्या बाबतीत माझ्यापुढे तीन पर्याय आहेत: कुणाच्या तरी घरातून निघालेली जुनी खुर्ची, मूळ कंपनीने आज बनवलेली नवी खुर्ची, आणि हुबेहूब तशीच दिसणारी प्रतिकृती, जी नव्या अस्सल खुर्चीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात मिळते.

मी संग्राहक नाही. खुर्ची रोज वापरली जाईल, तिच्यावर पाणी सांडेल, मुले तिच्या हातांवर बसतील. छायाचित्रांत मला काहीही फरक दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या फरकासाठी पाचपट पैसे मोजणे हा निव्वळ नावाचा मोह तर नव्हे, अशी शंका येते. उलट प्रतिकृती घ्यायची म्हटले, तर दुसऱ्याच्या डोक्यातून उतरलेली गोष्ट परस्पर उचलल्यासारखे वाटते. जुन्या खुर्चीच्या मालकाने ती ‘साठच्या दशकातील आणि पूर्णपणे मूळ अवस्थेतील’ असल्याचे कळवले आहे. ते पडताळावे कसे, हेही मला ठाऊक नाही. या चर्चामंचावरील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रंधा

जुन्या फर्निचरची दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्यामुळे माझे मत थोडे एका बाजूला झुकलेले असणार, हे आधीच सांगून टाकतो.

‘अस्सल’ हा एकच शब्द आपण दोन निराळ्या वस्तूंना लावला आहे. पहिली म्हणजे त्या काळात बनलेली खुर्ची. दुसरी म्हणजे रचनाकाराशी किंवा त्याच्या वारसांशी झालेल्या कराराप्रमाणे आजही बनणारी खुर्ची. ईम्स यांची आरामखुर्ची १९५६ पासून हर्मन मिलर ही कंपनी बनवत आली आहे आणि युरोपात ती व्हिट्राकडे आहे; विशबोन खुर्ची १९५० पासून कार्ल हान्सेन अँड सन यांच्याकडे अखंड बनते आहे. त्यामुळे या दोन खुर्च्यांपुरते तरी ‘खरी खुर्ची फक्त जुनी’ हे म्हणणे टिकत नाही. या दोन्हींच्या बाहेर, कुणाशीही करार न करता केवळ रूप उचलून बनवलेली वस्तू ती प्रतिकृती. मात्र प्रतिकृतींमध्येही एकाच घाण्यातून सगळे निघत नाही. काही नीट बनवलेल्या असतात, बहुतेक छायाचित्रासाठी बनवलेल्या असतात.

आपल्या आरामखुर्चीत फरक नेमका जिथे असतो, ती जागा छायाचित्रात येतच नाही. या खुर्चीची पाठ दोन लाकडी कवचांची आहे, आणि बैठकीचे कवच तिसरे. खालची पाठ आणि बैठक यांना जोडणारा दुवा म्हणजे फक्त दोन बाजूंचे हात. या सांध्यांत लाकूड आणि धातू यांच्यामध्ये रबराच्या जाड चकत्या असतात आणि त्या कवचाच्या आतल्या बाजूस चिकटवलेल्या असतात. म्हणूनच कवचाच्या दर्शनी बाजूवर आरपार गेलेला एकही स्क्रू दिसत नाही, आणि म्हणूनच माणूस टेकला की पाठ किंचित लवते. अनेक प्रतिकृतींत या चकत्या नसतातच. स्क्रू थेट लाकडात पिळलेला असतो. तशी खुर्ची पहिले वर्षभर उत्तम दिसते, मग स्क्रूभोवतीचे लाकूड भुगा होऊ लागते. माझ्याकडे अशी एक प्रतिकृती आली होती, जिची खालची पाठ बसलेल्या माणसासकट निखळली होती. प्लायवूडचे थर बोटांनी सोलता येत होते. दुरुस्त करायला धरावे असे त्यात काहीच शिल्लक नव्हते, आणि ती तशीच परत पाठवावी लागली.

पण हेच रबर जुन्या अस्सल खुर्चीचेही मर्मस्थान आहे. साठ वर्षांत ते कडक होते, त्याची पकड सुटते, आणि एखाद्या दिवशी कुणी धपकन मागे टेकले की चकती लाकडाचा तुकडा घेऊनच बाहेर येते. चकत्या वेळीच बदलल्या तर काम किरकोळ आहे. कवच फुटल्यावर बदलायचे म्हटले तर तेच काम खुर्चीच्या मुळावर येते. म्हणून ‘पूर्णपणे मूळ अवस्थेतील’ हे शब्द ऐकून मला आनंदापेक्षा काळजीच जास्त वाटते. ‘रबर अमुक साली बदलले, ही त्याची पावती’ असे सांगणारा विक्रेता मला अधिक भरवशाचा वाटतो.

वय ओळखण्यासाठी कडेचे थर मोजा. सुरुवातीच्या खुर्च्यांची कवचे पाच थरांची आहेत, नंतरची सात थरांची. सुरुवातीच्या गाद्यांत पिसे भरलेली असत, पुढे फोम आला. खुर्चीच्या पायाला पाच फाटे आणि पाय ठेवण्याच्या बैठकीला चार, हे प्रमाण सर्व काळात कायम आहे. आणि एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: या खुर्चीची पाठ मागे पाडता येत नाही. तिचा कल रचनेतच ठरवून दिलेला आहे. पाठ मागे नेण्याचा दांडा दिसला, तर पुढचे काही तपासण्याची गरज नाही.

तिपाई

रंधा यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तरीही प्रतिकृतींच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवे, म्हणून लिहीत आहे. ज्या रचनाकारांच्या नावाने आज एवढा सोवळेपणा पाळला जातो, त्यांच्यातल्या पुष्कळांचा हेतू सामान्य घरांना परवडेल असे फर्निचर बनवण्याचा होता. ईम्स यांच्या १९५० साली बाजारात आलेल्या फायबरग्लासच्या खुर्च्यांचे मूळ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९४८ मध्ये स्वस्त फर्निचरसाठी घेतलेल्या स्पर्धेत आहे. आज त्याच खुर्चीची सुरुवातीची, कडेत दोरी बसवलेली प्रत काचेच्या कपाटात ठेवण्याजोगी मानली जाते. ज्या कल्पनेचा जन्म स्वस्ताईसाठी झाला, ती स्वस्तात घेणाऱ्याला चोर ठरवणे मला पटत नाही.

माझ्याकडे इसामू नोगुची यांच्या टेबलाची प्रतिकृती नऊ वर्षे आहे. हे टेबल म्हणजे लाकडाचे दोन एकसारखे तुकडे, त्यांतला एक उलटा करून एका खिळीवर बसवलेला, आणि वर काच. हर्मन मिलरने ते १९४७ मध्ये बाजारात आणले. इतकी साधी गोष्ट बिघडवता येणार नाही, असा माझा समज होता. तो पूर्ण खरा ठरला नाही. अस्सल टेबलाची काच सुमारे १९ मिलिमीटर जाड असते, माझी १२ आहे. त्यामुळे तिचे वजन लाकडाला धरून बसवत नाही. टेबलाला धक्का लागला की काच सरकते. लाकडाचा बाकही थोडा बसका आहे. हे मला विकत घेताना कळले नाही. अस्सल टेबल एका ठिकाणी पाहिले तेव्हा कळले, आणि तेव्हापासून मात्र रोज दिसते. तरीही नऊ वर्षे त्याने काम दिले आहे आणि माझी तक्रार नाही. काच तेवढी बदलून जाड घ्यावी असा विचार आहे.

थोडक्यात, जिथे भार वस्तूवर नसून वस्तू नुसती उभी राहायची आहे, तिथे प्रतिकृती चालून जाते. जिथे माणूस आपले सगळे वजन टाकून मागे रेलणार आहे, तिथे मी रंधा यांचे ऐकेन.

रंधा

तिपाई यांचा स्वस्ताईचा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. फायबरग्लासची खुर्ची स्वस्त झाली ती साचा, यंत्रे आणि हजारोंचे उत्पादन यांमुळे. सांध्यात काटकसर केल्यामुळे नव्हे. आणि आरामखुर्ची तर स्वस्त असावी असा तिच्या कर्त्यांचा दावाच नव्हता, ती पहिल्या दिवसापासून महागच होती.

विशबोनबद्दल राहिले होते. तिच्या पाठीवरून हातांपर्यंत येणारा अर्धवर्तुळाकार दांडा हे एकच लाकूड असते, वाफेवर मऊ करून वाकवलेले. प्रतिकृतींत तो बहुधा दोन-तीन तुकडे जोडून, मग घासून गोल केलेला असतो. तंतूंची रेघ मध्येच तुटलेली दिसली की समजावे. बैठक कागद पिळून केलेल्या दोरीची असते, एका खुर्चीला सुमारे १२० मीटर लागते, आणि विणकाम हातानेच होते. कागद म्हटल्यावर लोक दचकतात, पण नीट ताणून विणलेली बैठक वर्षानुवर्षे टिकते आणि सैल पडली तर पुन्हा विणून घेता येते. सैल विणीची प्रतिकृती काही महिन्यांतच झोळीसारखी होते. चार खुर्च्या घेणार असाल, तर चारही उलट्या करून विणीची खालची बाजू पाहा. वरची बाजू सगळ्यांचीच बरी असते.

कलम बावन्न

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. ‘प्रतिकृती विकणे कायदेशीर आहे का’ या प्रश्नाचे सर्व देशांना लागू पडणारे एक उत्तर नाही, आणि उत्तर काळाप्रमाणेही बदलले आहे.

ब्रिटनमध्ये कारखान्यात बनणाऱ्या कलात्मक वस्तूंना २५ वर्षांनंतर व्यवहारतः कॉपीराइटचे संरक्षण उरत नसे. ज्या कलमामुळे हे घडत होते ते, म्हणजे माझ्या टोपणनावातले कलम, २८ जुलै २०१६ रोजी रद्द झाले, आणि असलेला साठा संपवण्यासाठी २८ जानेवारी २०१७ पर्यंत मुदत मिळाली. त्यानंतर ज्या रचना कलाकृती ठरतात त्यांना कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे संरक्षण मिळते. डॅनिश रचनाकार आर्न याकोब्सन १९७१ मध्ये वारले, वेग्नर २००७ मध्ये. ईम्स दांपत्यापैकी रे यांचे निधन १९८८ मध्ये झाले, आणि संयुक्त कृतीत शेवटच्या मृत्यूपासून मोजणी होते. हिशेब आपणच करावा. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ईम्स यांच्याच एका खुर्चीच्या खटल्यात असे ठरवले, की रचना महासंघाबाहेरच्या देशातली आहे एवढ्या कारणावरून सदस्य देशांना तिचे संरक्षण नाकारता येणार नाही. अमेरिकेत चित्र निराळे आहे: तिथे उपयोगाच्या वस्तूला म्हणून कॉपीराइट नसतो, रचनेचे पेटंट काही वर्षांत संपते, आणि मुख्य भिस्त नाव व विशिष्ट रूपावरील व्यापारचिन्हाच्या हक्कांवर असते. जाहिरातीत रचनाकाराचे नाव न घेता ‘अमुक शैलीतील’ असे लिहिलेले असते, ते याचसाठी.

कायद्याचा रोख प्रामुख्याने बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर असतो, घरात बसून वाचणाऱ्यावर नाही. मात्र जुनी खुर्ची परदेशातून मागवणार असाल, तर वेगळेच प्रकरण उभे राहते. जुन्या आरामखुर्च्यांवर ब्राझिलियन रोझवूडचे पातळ पापुद्रे चढवलेले असत, आणि हे लाकूड १९९२ पासून सायटिस कराराच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधने घालणारा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे. योग्य कागदपत्रे नसतील तर अशी खुर्ची सीमेवरच अडकते, मग ती कितीही अस्सल असो. किंबहुना अस्सल असल्यामुळेच अडकते. विक्रेत्याकडे परवाना आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावे.

अडगळ

वर सगळ्यांनी नामवंत वस्तूंचीच चर्चा केली आहे, म्हणून थोडे बाजूचे बोलतो. मूळ आणि नक्कल यांची सीमा वाटते तितकी स्पष्ट नसते. ब्रिटिश मॉडेल क्रिस्टीन कीलर यांचे १९६३ सालचे ते प्रसिद्ध छायाचित्र आठवा, ज्यात त्या खुर्चीवर उलट्या बसल्या आहेत. याकोब्सन यांच्या ‘सिरीज सेव्हन’ खुर्चीचे ते सर्वांत गाजलेले छायाचित्र समजले जाते, आणि ती खुर्ची मुळात नक्कल आहे. पाठीला पाडलेले हात घालण्याचे भोक अस्सल खुर्चीत नसते. आता ती नक्कल लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी पिएर जानरे यांनी आखलेल्या साग आणि वेताच्या खुर्च्या तर अनेक कार्यशाळांतून बनल्या. दोन खुर्च्यांची मापे तंतोतंत जुळतीलच असे नाही. त्यांवर रंगवलेली कार्यालयांची अक्षरे आणि क्रमांक हा पुरावा मानला जाऊ लागला, तसे ते क्रमांक रंगवणारेही निपजले. खूण नेहमी वस्तूपेक्षा सोपी असते, म्हणून मी खुणेला शेवटचे स्थान देतो.

जुने ते चांगले हेही नेहमी खरे नाही. व्हर्नर पँटन यांची एकसंध प्लास्टिकची खुर्ची १९६७ मध्ये आली, मग तिचे साहित्य अनेकदा बदलले, आणि सत्तरच्या दशकात बनलेल्या खुर्च्या इतक्या तडकू लागल्या की १९७९ मध्ये उत्पादन थांबवावे लागले. १९९९ पासून ती पॉलिप्रॉपिलीनमध्ये मिळते. रोज बसायचे असेल तर त्या खुर्चीची कराराने बनलेली नवी प्रत जुनीपेक्षा निर्विवाद सरस आहे. आरामखुर्चीबाबतही एक गोष्ट लक्षात घ्यावी: माणसांची उंची वाढली म्हणून कंपनीनेच तिचे थोडे मोठे माप काढले आहे. आपण उंच असाल तर जुन्या खुर्चीत डोके टेकत नाही, आणि वाचणाऱ्याला ते महागात पडते.

जेवणाच्या खुर्च्यांसाठी मात्र मी वेगळेच सुचवेन. विशबोनचा हट्ट सोडा. त्याच काळात, तशाच लाकडाच्या, ज्यांच्या कर्त्याचे नाव कुणालाही ठाऊक नाही अशा असंख्य चांगल्या खुर्च्या बनल्या, आणि नाव नसल्यामुळे त्या पुष्कळदा प्रतिकृतीच्या किमतीत मिळतात. त्यांची नक्कल करण्यात कुणाला रस नसतो, त्यामुळे फसवणुकीची भीतीही कमी. कुसू, म्हणजे खाचेत बसणारे लाकडाचे टोक, घट्ट आहे का, हे मागचे दोन पाय धरून तिरके हलवून पाहा. सांधा करकरला तर सरस सुटला आहे, पण तो साफ करून पुन्हा लावता येतो. लाकडावरचा पातळ पापुद्रा घासून आरपार गेला असेल, तर मात्र तो परत येत नाही. ती खुर्ची सोडून द्या. बैठकीखाली रबराचे पट्टे असतील तर ते बहुतेक मेलेले असणार, ते बदलण्याचा खर्च गृहीत धरा. आतला जुना फोम पिठासारखा झडत असेल तर त्याचेही तेच.

कोनाडा

आपण सर्वांनी एवढ्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. प्रतिकृतीच्या विक्रेत्याकडून खालच्या बाजूची छायाचित्रे मागवली: खुर्चीच्या पायाला चारच फाटे आहेत आणि उजव्या हाताखाली पाठ पाडण्याचा दांडा आहे. तीन महिने मी आधीची छायाचित्रे पाहत होतो, आणि दांडा त्यांतल्या एकात अर्धवट दिसतही होता. ती खुर्ची यादीतून काढली आहे.

जुन्या खुर्चीच्या मालकाला रबराबद्दल विचारले, तेव्हा ‘काहीही बदललेले नाही, सगळे मूळचेच आहे’ असे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. कडेला थर पाच आहेत. खुर्ची याच शहरात असल्यामुळे परवान्याचा प्रश्न येत नाही. येत्या रविवारी पाहायला जाणार आहे. जेवणाच्या खुर्च्यांबाबत अडगळ यांचे म्हणणे घरात सर्वांनाच पटले, मला थोडे उशिरा पटले.

एक शंका उरते: रबर मूळचेच असेल, तर खुर्चीवर बसून पाहावे की नाही?

रंधा

बसू नका, निदान मागे टेकू नका. आधी मालकाची परवानगी घेऊन पाठीच्या गाद्या काढा. त्या अडकवलेल्या असतात, शिवलेल्या नसतात, त्यामुळे अलगद निघतात. निघत नसतील तर ओढाताण करू नका. मग विजेरीच्या उजेडात हातांच्या आतल्या बाजूस, कवचाला चिकटलेल्या चकत्या पाहा. रबराच्या कडेला भेगा, किंवा रबर आणि लाकूड यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसली, तर किंमत ठरवताना चकत्या आणि मजुरी वजा करूनच बोला. चकतीभोवतीच्या लाकडावर आडवी चीर किंवा नंतर भरलेल्या लांबीचा (पुटीचा) डाग असेल, तर कवच आधीच एकदा फुटलेले आहे, आणि मग ‘सगळे मूळचेच’ या विधानाबद्दल मालकांशी पुन्हा एकदा बोलावे लागेल. फटींची जवळून छायाचित्रे काढून इथे टाका, मी पाहून सांगतो.